फर्ग्युसन जाणार का? : अ‍ॅबरडीनच्या चाहत्यांचा वाद आणि माझी पश्चातबुद्धी

माझ्या तिसऱ्या प्रकरणाचा पहिला खर्डा मॅडमकडून परत आला तेव्हा अकराव्या पानावर एका वाक्याखाली पेन्सिलची रेघ होती. वाक्य माझ्या मते अगदी निरुपद्रवी होतं: ‘१९८३ च्या विजयानंतर फर्ग्युसन आज ना उद्या इंग्लंडला जाणार हे अ‍ॅबरडीनच्या चाहत्यांना कळून चुकलं होतं.’ समासात मॅडमनी लिहिलं होतं, ‘हे तुला कळलंय. त्यांना कळलं होतं का? कशावरून?’

कशावरून, तर माझी तळटीप होती फर्ग्युसनच्या १९९९ साली आलेल्या आत्मचरित्राची. म्हणजे १९८३ साली पिटोड्री स्टेडियममध्ये बसलेल्या माणसाच्या मनात काय होतं याचा पुरावा म्हणून मी सोळा वर्षांनंतरचं पुस्तक दिलं होतं. आणि तेही मागे राहिलेल्यांपैकी कुणाचं नव्हे, सोडून गेलेल्याचं! तळटीप होती, पान क्रमांकही बरोबर होता, त्यामुळे मला वाटलं की काम झालं. त्या एका रेघेमुळे पुढचे चार महिने गेले आणि अख्खं प्रकरण नव्याने लिहावं लागलं. तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय किंवा सिनॉप्सिस लिहिताय, म्हणून ही चूक नीट उलगडून सांगते. विषय फुटबॉलचा आहे, पण हा सापळा कुठल्याही विषयात लागतो.

आधी गोष्ट. ज्यांना फुटबॉलमधलं काही माहीत नाही त्यांनाही अ‍ॅलेक्स फर्ग्युसन हे नाव मँचेस्टर युनायटेडमुळे माहीत असतं. पण त्याआधी, जून १९७८ ते नोव्हेंबर १९८६ अशी साडेआठ वर्षं, तो स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या अ‍ॅबरडीनचा मॅनेजर होता. अ‍ॅबरडीन म्हणजे ग्रॅनाइटच्या करड्या इमारतींचं, मासेमारीचं आणि १९७० नंतर उत्तर समुद्रातल्या तेलाचं शहर. स्कॉटिश फुटबॉलवर तेव्हा ग्लासगोच्या दोन क्लबांचं, रेंजर्स आणि सेल्टिकचं, राज्य होतं. १९६५ साली किल्मार्नक विजेते झाले, त्यानंतर १९७९ पर्यंत या दोघांशिवाय कुणीही लीग जिंकली नव्हती. फर्ग्युसनच्या अ‍ॅबरडीनने ती १९८०, १९८४ आणि १९८५ अशी तीनदा जिंकली. स्कॉटिश कप चारदा. आणि ११ मे १९८३ च्या रात्री, स्वीडनमधल्या गोथेनबर्गमध्ये, धो धो पावसात, त्यांनी रेआल माद्रिदला जादा वेळेत २-१ ने हरवून युरोपियन कप विनर्स कप घेतला. समोर माद्रिदचा प्रशिक्षक होता खुद्द आल्फ्रेडो दि स्तेफानो. अ‍ॅबरडीनहून हजारो लोक तिथे गेले होते. काही तर ‘सेंट क्लेअर’ नावाच्या बोटीतून समुद्र ओलांडून. विजयी गोल जॉन ह्युइटने केला, आणि तो बदली खेळाडू म्हणून उतरला होता.

आता तुम्हीच सांगा, असा मॅनेजर लाभलेल्या गावात लोक काय बोलत असतील? मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर आमच्या पेठेच्या तालमीची मॅच बघून घरी येईपर्यंत घसा बसलेला असायचा. तालमीचा एखादा चांगला खेळाडू पुढच्या सीझनला दुसऱ्या तालमीकडे जाणार अशी नुसती कुजबुज झाली तरी कट्ट्यावर दोन तट पडतात. एक म्हणतो गेलाच समज, दुसरा म्हणतो तो आपला आहे, जाणार नाही. अ‍ॅबरडीनमध्ये हा वाद पाच-सहा वर्षं अधूनमधून पेटत राहिला. माझा संशोधनाचा विषय तो वाद आहे, फर्ग्युसन नाही. आणि माझ्या त्या एका वाक्याने वाद मिटवूनच टाकला होता. ‘कळून चुकलं होतं’ म्हटलं की एका बाजूचे लोक द्रष्टे ठरतात, दुसऱ्या बाजूचे भोळसट. वाद असा उरतच नाही.

मॅडमनी सांगितलं, एक तक्ता कर. डाव्या बाजूला तारीख, मग त्या तारखेला सामान्य चाहत्याला काय माहीत असू शकत होतं, मग काय बंद दाराआड होतं, आणि शेवटी त्या माहितीवरून ‘जाणार’ आणि ‘राहणार’ अशा दोन्ही बाजूंनी काय युक्तिवाद करता येत होता. पुढचं काहीही त्या रकान्यांत येऊ द्यायचं नाही. मला आधी हे शाळकरी वाटलं. केल्यावर कळलं की माझ्या डोक्यातलं अर्धं प्रकरण ‘पुढचं’ होतं.

तक्त्याची पहिली ओळ मला १९७८ च्याही मागे न्यावी लागली. कारण अ‍ॅबरडीनचा चाहता १९८३ मध्ये कोऱ्या पाटीने बसलेला नव्हता. १९७० मध्ये स्कॉटिश कप जिंकून देणारा एडी टर्नबुल पुढच्याच वर्षी हिबर्नियनला गेला. १९७६ मध्ये लीग कप आणणारा अ‍ॅली मॅक्लाउड १९७७ मध्ये स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाकडे गेला. त्याच्या जागी आलेल्या बिली मॅक्नीलने पहिल्याच सीझनमध्ये संघाला लीगमध्ये दुसरं आणि कपच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं, आणि १९७८ च्या उन्हाळ्यात तो सेल्टिकला गेला. सात वर्षांत तीन मॅनेजर काहीतरी चांगलं करून निघून गेले. तेव्हा ‘जो चांगला असतो तो इथे टिकत नाही’ असं म्हणणारा माणूस निराशावादी नव्हता, तो आकडेमोड करत होता. हे माझ्या खर्ड्यात कुठेच नव्हतं, कारण फर्ग्युसनच्या चरित्रात अ‍ॅबरडीनची गोष्ट १९७८ ला सुरू होते आणि मीही तिथूनच सुरुवात केली होती. साधन जिथे सुरू होतं तिथेच आपला प्रश्न सुरू होतो असं समजणं ही नवशिक्या संशोधकाची नेहमीची चूक. मी ती केली.

मग एकेक अफवा. १९८२ च्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या वुल्व्ह्जचा प्रस्ताव आला, त्याने नाकारला. इथे ‘राहणार’ बाजूला एक गुण. पण वुल्व्ह्ज तेव्हा कर्जात बुडालेला क्लब होता, आणि त्याच हंगामाअखेर तो खालच्या विभागात घसरला. त्याला नकार दिला यावरून फारसं काही सिद्ध होत नाही, असंही म्हणता येत होतं.

खरी परीक्षा झाली १९८३ च्या ऑक्टोबरअखेर. रेंजर्सच्या जॉन ग्रेगने राजीनामा दिला आणि फर्ग्युसनचं नाव पुढे आलं. ही ओळ तक्त्यात सगळ्यात लांब झाली. चाहत्याला काय माहीत होतं ते बघा. फर्ग्युसन ग्लासगोच्या गोवन भागात, रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानापासून हाकेच्या अंतरावर वाढलेला. १९६७ मध्ये रेंजर्सने त्याला ६५ हजार पौंडांना खेळाडू म्हणून विकत घेतलेलं. लहानपणीचा क्लब, घरचं गाव, दुप्पट मोठं मैदान. ‘जाणार’ म्हणायला आणखी काय हवं? पण हेही माहीत होतं की १९६९ च्या स्कॉटिश कप अंतिम सामन्यात सेल्टिककडून ०-४ अशी हार झाली तेव्हा खापर त्याच्या डोक्यावर फुटलं आणि त्याला क्लब सोडावा लागला. शिवाय त्याची बायको कॅथलिक, आणि रेंजर्स हा प्रोटेस्टंटांचा क्लब. १९८९ मध्ये मो जॉन्स्टनला घेईपर्यंत रेंजर्स नामांकित कॅथलिक खेळाडू घेत नव्हते, हे स्कॉटलंडमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फर्ग्युसनने नकार दिला. रेंजर्सने डंडी युनायटेडच्या जिम मॅक्लीनला विचारलं, त्यानेही नकार दिला. शेवटी जॉक वॉलेस आला.

म्हणजे १९८३ च्या डिसेंबरात, हॅम्बर्गला हरवून सुपर कपही जिंकला त्या सुमाराला, ‘तो आपला आहे, जाणार नाही’ म्हणणाऱ्या चाहत्याच्या हातात भक्कम पुरावा होता. त्याने देशातल्या सगळ्यात श्रीमंत क्लबांपैकी एकाला, स्वतःच्या लहानपणीच्या क्लबाला, नाही म्हटलं होतं. आणि मी माझ्या खर्ड्यात ठोकून दिलं होतं की नेमकं याच वर्षी लोकांना तो जाणार हे कळून चुकलं! तक्ता भरताना मला खरंच लाज वाटली.

१९८४ मध्ये पारडं पुन्हा झुकलं, पण मॅनेजरमुळे नव्हे, खेळाडूंमुळे. एकाच उन्हाळ्यात गॉर्डन स्ट्राखन मँचेस्टर युनायटेडला, मार्क मगी हॅम्बर्गला, डग रूगव्ही चेल्सीला गेला. स्टीव्ह आर्चिबाल्ड तर १९८० मध्येच टॉटनहॅमला गेला होता. टॉटनहॅमला मॅनेजर हवा होता तेव्हा फर्ग्युसनचंही नाव आलं. खेळाडू विकले जातात ते बघून मॅनेजरही जाईल असं वाटणं स्वाभाविक. पण संघ नवा उभारून त्याने पुढच्याच सीझनला पुन्हा लीग जिंकली, तेव्हा ‘त्याला इथे काम करायला आवडतं’ हाही निष्कर्ष निघत होता. एकच घटना दोन्ही तट वापरत होते. अशा नोंदी माझ्या तक्त्यात सगळ्यात जास्त आहेत आणि मला त्याच सगळ्यात आवडतात.

१० सप्टेंबर १९८५ ला कार्डिफमध्ये वेल्सविरुद्धच्या सामन्यानंतर स्कॉटलंडचा मॅनेजर जॉक स्टीन मैदानाजवळच कोसळला आणि गेला. फर्ग्युसन त्याचा सहाय्यक होता. त्याने पुढे १९८६ च्या मेक्सिको वर्ल्ड कपपर्यंत राष्ट्रीय संघ अ‍ॅबरडीनबरोबर सांभाळला. त्याच वसंतात आर्सेनलची विचारणा झाली. आर्सेनलला वर्ल्ड कप संपेपर्यंत थांबायचं नव्हतं, त्यांनी जॉर्ज ग्रॅहमला घेतलं. तोही फर्ग्युसनसारखाच ग्लासगोकडचा.

आणि मग नोव्हेंबर १९८६. ही ओळ मी सगळ्यांत शेवटी भरली, कारण इथे पश्चातबुद्धीचा जोर सगळ्यात जास्त. आपण ‘मँचेस्टर युनायटेड’ वाचतो आणि आपल्या डोळ्यांसमोर तेरा लीग विजेतेपदं येतात. तो रकाना कोरा करून बघा. नोव्हेंबर १९८६ मध्ये युनायटेड बावीस संघांच्या विभागात एकविसाव्या स्थानावर होतं. १९६७ नंतर त्यांनी लीग जिंकलेली नव्हती. २९ मे १९८५ च्या हेझेल दुर्घटनेत ३९ माणसं गेल्यानंतर इंग्लंडच्या सगळ्या क्लबांवर युरोपात खेळायला बंदी होती आणि ती कधी उठेल हे कुणालाच माहीत नव्हतं. उलट इंग्लंडचे नावाजलेले खेळाडू स्कॉटलंडला यायला लागले होते. त्याच उन्हाळ्यात टेरी बुचर आणि ख्रिस वुड्स रेंजर्सकडे आले होते. ‘युरोप जिंकलेला मॅनेजर युरोपात खेळताच येत नाही अशा, शेवटून दुसऱ्या संघाकडे कशाला जाईल?’ हा प्रश्न त्या दिवशी अगदी शहाणपणाचा होता.

पण तितकाच शहाणपणाचा युक्तिवाद पलीकडेही होता. रेंजर्सकडे ग्रॅम सूनेस आला होता आणि पैशाचा पूर वाहत होता. अ‍ॅबरडीनला त्या स्पर्धेत टिकणं अवघड दिसत होतं. मार्चमध्ये युरोपियन कपच्या उपांत्यपूर्व फेरीत, तेही गोथेनबर्गच्याच संघाकडून, बाहेरच्या मैदानावरच्या गोलच्या नियमाने हार झाली होती. नव्या सीझनमध्ये स्वित्झर्लंडच्या सिऑनने पहिल्याच फेरीत घरी पाठवलं होतं. शिखर होऊन गेलं असं वाटायला जागा होती.

४ नोव्हेंबरला युनायटेड लीग कपमध्ये साउदॅम्प्टनकडून ४-१ ने हरलं. ६ तारखेला, गुरुवारी, रॉन अ‍ॅटकिन्सनच्या जागी फर्ग्युसनची नेमणूक जाहीर झाली. ८ तारखेला ऑक्सफर्डविरुद्ध पहिला सामना, ०-२ हार. मधल्या दोन दिवसांत काय झालं ते संबंधितांनी नंतर सांगितलेलं आहे. युनायटेडच्या एका संचालकाने स्कॉटिश बोलण्याची नक्कल करत, स्ट्राखनचा अकाउंटंट असल्याचं भासवून पिटोड्रीला फोन लावला, मग गुपचूप भेटीगाठी झाल्या. मजेशीर किस्सा आहे, मुलाखतींत हमखास येतो. पण माझ्या तक्त्यात तो ‘बंद दाराआड’ या रकान्यात पडतो. पाच-सहा वर्षं चाललेला वाद अठ्ठेचाळीस तासांत निकाली निघाला आणि वाद घालणाऱ्यांपैकी कुणालाही त्या अठ्ठेचाळीस तासांचा पत्ता नव्हता.

इथे मला प्रश्न पडला की मग या वादाचं करायचं काय? ज्यांच्या बोलण्याने काहीच ठरलं नाही त्यांचं बोलणं कशाला अभ्यासायचं? आरएसीच्या बैठकीत एका सरांनी नेमकं हेच विचारलं, जरा हसत. फुटबॉल म्हटलं की लोक थोडं हसतातच, त्याची सवय करून घ्या.

उत्तर शोधायला मी अफवांच्या इतिहासाकडे गेले. फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लॉक स्वतः पहिल्या महायुद्धात खंदकांत होता आणि १९२१ मध्ये त्याने युद्धातल्या खोट्या बातम्यांवर एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की खोटी बातमी आभाळातून पडत नाही. लोकांच्या मनात आधीपासून जे साठलेलं असतं त्यावर ती रुजते, म्हणून ती त्या समाजाचा आरसा असते. जॉर्ज लफेव्हरने १९३२ च्या पुस्तकात १७८९ च्या फ्रान्समधल्या ‘महाभया’चा माग असाच गावागणिक काढला. आपल्याकडे रणजित गुहा यांनी १९८३ मध्ये वसाहतकालीन शेतकरी उठावांवर लिहिताना अफवा हे उठाव पसरण्याचं साधन कसं होतं याची सविस्तर चर्चा केली. अफवा सरकारी कागदात ‘अडाण्यांची बडबड’ म्हणून येते. गुहा ती निरक्षर समाजाची दळणवळणाची पद्धत म्हणून वाचतात. पेटच्या अभ्यासात गुहा येतातच, तेवढं प्रकरण मुळातून वाचा, गाईडबुकातून नको.

दुसरं पुस्तक अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमनचं, १९७० चं. माणूस एखाद्या संस्थेवर नाराज झाला की त्याच्यापुढे दोन वाटा असतात, सोडून जाणं किंवा आवाज उठवणं. आणि निष्ठा जितकी जास्त तितकं सोडून जाणं अवघड. आता फुटबॉलच्या चाहत्याला सोडून जायची वाट जवळपास नसतेच. साबण बदलता येतो, क्लब नाही. मॅनेजरला आहे, खेळाडूला आहे. अ‍ॅबरडीनचा चाहता रेंजर्सचा चाहता होणं म्हणजे काय ते कोल्हापूरकरांना समजावून सांगायची गरज नाही. मत द्यायचा अधिकारही नाही: क्लबचा अध्यक्ष डिक डोनाल्ड होता, शहरात सिनेमागृहं चालवणाऱ्या कुटुंबातला, एकेकाळी क्लबसाठी खेळलेला. निर्णय तिथे होत होते. मग उरतो फक्त आवाज. ‘तो जाणार का’ हा वाद म्हणजे ज्यांना विचारलं जात नाही त्यांनी आपापसात भरवलेली सभा. असं मांडल्यावर ते सर हसायचे थांबले. पटलं असं नाही म्हणणार, पण थांबले.

कधीकधी हा आवाज कट्ट्यावरून रस्त्यावर येतो. ऑक्टोबर १९७३ मध्ये ब्रायन क्लफने डर्बी काउंटीचा राजीनामा दिला तेव्हा तिथल्या चाहत्यांनी चक्क निषेध चळवळ उभी केली, सभा घेतल्या. क्लफ काही परत आला नाही. पण डर्बीच्या अभ्यासकाला त्या चळवळीमुळे कागद मिळतात. अ‍ॅबरडीनमध्ये तसं काही घडलं नाही, म्हणून माझी साधनं विरळ आहेत.

साधनांबद्दल थोडं, कारण सिनॉप्सिसमध्ये सगळ्यात जास्त फेका तिथेच मारल्या जातात. अ‍ॅबरडीनची स्थानिक वृत्तपत्रं म्हणजे सकाळचं ‘प्रेस अँड जर्नल’, संध्याकाळचं ‘इव्हनिंग एक्स्प्रेस’, आणि तेव्हा शनिवारी संध्याकाळी येणारा ‘ग्रीन फायनल’ हा खास फुटबॉलचा अंक. वाचकांची पत्रं तिथे शोधायची. पण पत्र छापायचं की नाही हे संपादक ठरवतो, आणि पत्र लिहायला बसणारा माणूस हा बहुतेकदा वयाने मोठा, लिहिण्याची सवय असलेला. पबमधला वाद कागदावर येत नाही. चाहत्यांनी स्वतः काढलेल्या छोट्या मासिकांची, म्हणजे फॅनझीनची, लाट ब्रिटनमध्ये १९८६ च्या आसपास आणि नंतर आली. ‘व्हेन सॅटर्डे कम्स’ त्याच वर्षी मार्चमध्ये सुरू झालं. माझा वाद जेव्हा ऐन भरात होता तेव्हा चाहत्यांचं स्वतःचं छापील व्यासपीठ जवळपास नव्हतंच. चार-पाच वर्षांनी उशिरा घडलं असतं तर बरं झालं असतं, असं स्वार्थी विचार मनात येतात.

एक साधन मात्र असं सापडलं की मी खुर्चीतून उठले. फर्ग्युसनचं १९९९ चं आत्मचरित्र मी वापरत होते, पण त्याने त्याआधी, १९८५ मध्ये, अ‍ॅबरडीनमधल्या सात वर्षांवर एक पुस्तक लिहिलं होतं: ‘अ लाइट इन द नॉर्थ’. म्हणजे तिथेच असताना, जाण्याच्या एक वर्ष आधी. तोच माणूस, त्याच घटना, पण एका पुस्तकाला शेवट माहीत आहे आणि दुसऱ्याला नाही. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढताना राजवाड्यांनी बखरींना झोडपून अस्सल पत्रांना वजन दिलं, ते का, हे मला एम.ए.ला पाठ होतं. पानिपतावरची बखर लिहिणाऱ्याला पानिपत झालंय हे माहीत असतं. रसद मागणारं पत्र लिहिणाऱ्याला ते माहीत नसतं. हे परीक्षेत लिहून मी मार्क घेतले होते, आणि स्वतःच्या प्रकरणात बखर उचलून पत्र म्हणून वापरली! अर्थात १९८५ चं पुस्तकही निर्मळ झरा नाही. ज्याला अजून त्याच अध्यक्षाबरोबर काम करायचंय आणि त्याच चाहत्यांसमोर उभं राहायचंय तो माणूस सगळं लिहिणार नाही. पण त्याचं लपवणं १९८५ चं आहे, १९९९ चं नाही, आणि मला तेच हवंय.

पुढचा टप्पा मुलाखतींचा आहे. तिथे मी अलेस्सांद्रो पोर्तेल्लीचा अभ्यास डोळ्यांसमोर ठेवलाय. इटलीतल्या तेर्नी शहरात लुईजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार १९४९ मध्ये नाटोविरोधी मोर्चात पोलिसांच्या गोळीने मेला. पण गावातल्या अनेकांच्या आठवणीत तो १९५३ च्या कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात मेला. पोर्तेल्ली त्यांना खोटं ठरवत नाही. तारीख का सरकली ते विचारतो. म्हणून माझ्या प्रश्नावलीतून ‘तो जाणार असं तुम्हाला वाटलं होतं का?’ हा प्रश्न मी काढून टाकला. आज कुणालाही विचारा, वाटलं होतंच म्हणतील. त्याऐवजी पहिला प्रश्न असा आहे: त्या गुरुवारी बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता आणि पहिल्यांदा कुणाशी बोललात?

एक मोह मी टाळला, तोही सांगते. १९८६ मध्येच तेलाचे भाव कोसळले, बॅरलला तीस डॉलरच्या आसपास असलेला भाव काही महिन्यांत दहाच्या आसपास आला आणि अ‍ॅबरडीनमध्ये नोकऱ्या गेल्या. तेल गेलं, मॅनेजर गेला, शहराचा सुवर्णकाळ संपला, असं वाक्य किती सुंदर लिहिता येतं! मी लिहिलंही होतं. पण चाहत्यांनी या दोन गोष्टी तेव्हा एकत्र जोडल्या होत्या हे दाखवणारं काही हातात नसताना ते माझं वाक्य होतं, त्यांचं नव्हे. ते एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवलंय. मुलाखतींत कुणी आपणहून जोडलं तर परत आणेन.

तसंच ‘मॅनेजर गेला म्हणून क्लब बुडाला’ हेही. अ‍ॅबरडीनपुरतं ते खरं वाटतं: १९८५ नंतर पुढची चाळीस वर्षं स्कॉटलंडची लीग ग्लासगोच्या त्या दोघांबाहेर गेली नाही. पण हर्बर्ट चॅपमनचं उदाहरण बघा. त्याने हडर्सफील्डला १९२४ आणि १९२५ मध्ये इंग्लिश लीग जिंकून दिली आणि विसाव्या स्थानावर असलेल्या आर्सेनलला निघून गेला. १९२६ मध्ये त्याच्याशिवाय हडर्सफील्ड सलग तिसऱ्यांदा विजेते झाले. त्या वर्षी हडर्सफील्डचा चाहता छाती फुगवून म्हणू शकत होता, गेला तर गेला! आर्सेनलला पहिली मोठी ट्रॉफी मिळायला १९३० उजाडलं, आणि ती त्यांनी एफए कपच्या अंतिम सामन्यात नेमकी हडर्सफील्डलाच हरवून घेतली. १९२६ चा अभिमान आणि १९३० ची जखम, दोन्ही आपापल्या तारखेला खऱ्या आहेत.

तक्ता पूर्ण झाला असं वाटलं तेव्हा मॅडमनी आणखी एक रेघ मारली, यावेळी माझ्या पहिल्याच ओळीखाली: ‘जून १९७८, फर्ग्युसन अ‍ॅबरडीनला येतो.’ समासात एकच शब्द होता, ‘कुठून?’

सेंट मिरेनहून. ग्लासगोजवळच्या पेस्ली या गिरणगावातला छोटा क्लब. त्याने त्यांना १९७७ मध्ये खालच्या विभागाचं विजेतेपद आणि वरच्या विभागात जागा मिळवून दिली होती, तरुण संघ उभा केला होता. मे १९७८ अखेर क्लबने त्याला काढून टाकलं. त्याने अन्यायाने काढल्याचा दावा औद्योगिक न्यायाधिकरणात लावला आणि हरला. तिथे वाद रंगला तो त्याच्या वागणुकीचा आणि संचालकांशी झालेल्या खटक्यांचा. तीस वर्षांनी, २००८ मध्ये, तेव्हाचे अध्यक्ष विली टॉड यांनी सांगितलं की खरं कारण वेगळं होतं: करार चालू असतानाच त्याचं अ‍ॅबरडीनला जायचं ठरलं होतं. एकाच घटनेची दोन कारणं, मध्ये तीस वर्षांचं अंतर. म्हणजे ‘तो जाणार का’ हा वाद अ‍ॅबरडीनमध्ये पेटला त्याच्या आधी पेस्लीतही पेटला असणार, आणि तिथे त्याला पळवून नेणारा मोठा क्लब अ‍ॅबरडीनच होता. माझ्या अख्ख्या प्रकरणात अ‍ॅबरडीनचा चाहता हा सोसणारा आहे. १९७८ च्या जूनमध्ये पेस्लीकडून बघितलं तर तो काय होता?

पेस्लीचा तक्ता मी कालच उघडलाय. तारखांचा रकाना भरलाय, बाकीचे तीन रिकामे आहेत.